शेततळ्यातल्या चिलापीला पोटाचे जिवाणू: कधी द्यावेत, कधी पैसे राखावेत

नमस्कार दादा. आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. इंदापूर तालुक्यात तुमचं ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं आहे. जुलैत गिफ्ट चिलापीची (चिलापीचं सुधारित वाण) ३,००० बोटुकली सोडलीत. आज मासा सरासरी १८० ग्रॅमचा आहे. दिवाळीपासून वाढ थांबल्यासारखी झाली आणि रोज सकाळी आठ-दहा मासे मेलेले दिसतात. दुकानदाराने ९०० रुपये किलोचं ‘गट प्रोबायोटिक’, म्हणजे पोटासाठीच्या चांगल्या जिवाणूंची पावडर दिली, किलोभर खाद्याला ५ ग्रॅम. रोज १५ किलो खाद्य, सकाळी ७ आणि संध्याकाळी ६ वाजता. १२ दिवसांत पुडी संपत आली, फरक काही नाही. मध्ये पाच दिवस कुणाच्या तरी सल्ल्याने खाद्यातून प्रतिजैविकाची पावडरही दिलीत. आता तुम्ही विचारताय, की हे पोटाचे जिवाणू खरंच काम करतात का, की पैसे पाण्यात गेले.

मी १६ वर्षं शेततळी, नदीकाठची तळी आणि धरणातले पिंजरे अशा तिन्ही ठिकाणी मासे वाढवतोय आणि इतरांच्या तळ्यांवर सल्ल्यालाही जातो. माझं उत्तर असं: हे जिवाणू काम करतात, पण तुमच्या तळ्यात आज जे चाललंय ते काम त्यांचं नाही. तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. मासे का मरतायत हा पहिला. प्रोबायोटिकचा पैसा वसूल होतो का हा दुसरा. पहिला सुटल्याशिवाय दुसऱ्याचं उत्तर तुमच्या तळ्यात मिळणारच नाही.

मी तळं पाहिलेलं नाही, त्यामुळे मरतुकीचं कारण इथून ठामपणे सांगणं बरोबर नाही. पण तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की माझा पहिला संशय पाण्यावर जातो: मरतूक दिवाळीनंतर सुरू झाली, मासे सकाळीच मेलेले दिसतात आणि शेवटचं खाद्य संध्याकाळी ६ ला पडतं. चिलापी उष्ण पाण्यातली. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की तिची भूक आणि पचन दोन्ही मंदावतं. ३,००० मासे गुणिले १८० ग्रॅम म्हणजे तळ्यात ५४० किलो मासा आहे. त्याला १५ किलो खाद्य म्हणजे वजनाच्या पावणेतीन टक्के. ऑगस्ट-सप्टेंबरात हे प्रमाण चाललं असतं, डिसेंबरात ते जास्त आहे. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कागदावर, मधल्या खोलगट भागात साचते. मातीच्या तळ्यात तळाची माती थोडंफार पचवते, कागदाच्या तळ्यात ती सोय नाही. त्यात थंडीची रात्र आली की वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली उतरतं आणि तळाचं घाण, प्राणवायू संपलेलं पाणी वर येतं. पहाटे ४ ते ६ या वेळेत मासा सगळ्यात अडचणीत असतो, आणि त्याचं पोट संध्याकाळच्या खाद्याने भरलेलं असतं. अन्न पचवायलाही प्राणवायू लागतो, दादा.

म्हणून उद्यापासून आधी हे करा. संध्याकाळचं खाद्य बंद. पहिलं खाद्य सकाळी ११ नंतर, दुसरं दुपारी साडेतीन-चारला, दोन्ही मिळून ७-८ किलोपेक्षा जास्त नाही, आणि १५-२० मिनिटांत जेवढं उचलतील तेवढंच. तळातला गाळ पाइप लावून, तोंडाने ओढून न घेता, सायफन पद्धतीने बाहेर काढा आणि तेवढं ताजं पाणी घाला. एरिएटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल तर तो रात्री १२ ते सकाळी ७ चालला पाहिजे. शेतीची वीज रात्रपाळीत नसेल तर पहाटे इंजिनावर पंप लावून तळ्याचंच पाणी उचला आणि वरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात सोडा. ऑक्सिजन तपासायचा किट घ्या आणि पहाटे ५ चं मोजमाप लिहून ठेवा. लिटरला ५ मिलिग्रॅम असेल तर छान. ३ च्या खाली असेल तर जगातलं कुठलंही प्रोबायोटिक त्या माशाला वाचवणार नाही. अमोनिया आणि पीएचही त्याच दिवशी बघून घ्या.

आणखी एक काम. नुकताच मेलेला, डोळा अजून पांढरा न पडलेला मासा उचला आणि पोट उघडून बघा. धारदार कात्रीने गुदद्वारापासून डोक्याकडे कापत या, आतडं फाटू देऊ नका. चिलापीचं आतडं लांबलचक असतं, जिलेबीसारखं गुंडाळलेलं. ते भरलेलं असेल तर मासा खाऊन मेला, म्हणजे प्राणवायूकडे बोट जातं. रिकामं, आत पिवळसर शेंबडासारखा द्रव, आणि यकृताशेजारची पित्ताची पिशवी फुगून गर्द हिरवी झालेली असेल तर त्या माशाने बरेच दिवस काही खाल्लेलं नाही, तो आधीपासून आजारी होता. यकृत फिकट किंवा डागाळलेलं, पोटात रक्तमिश्रित पाणी, डोळे बाहेर आलेले, कल्ल्यांवर पिवळट कापसासारखा थर असं काही दिसलं तर मात्र जिवाणूजन्य रोगाचा संशय घ्या. मग अंदाजाने औषध टाकू नका. जिवंत पण सुस्त मासे पाण्यासकट जवळच्या मत्स्य महाविद्यालयाच्या किंवा पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत न्या. पाच मिनिटांचं हे पोट उघडणं मी प्रत्येक तळ्यावर करतो आणि शेजारी उभं राहून मालकालाही करायला लावतो.

आता प्रतिजैविकाबद्दल, कारण हे मला मनापासून खटकलं. तुम्ही एका हाताने पोटात चांगले जिवाणू सोडत होता आणि दुसऱ्या हाताने जिवाणू मारायचं औषध. त्या पाच दिवसांतलं प्रोबायोटिक वाया गेलं असं धरूनच चला. त्याहून मोठी गोष्ट, ती पावडर कसली होती ते डब्यावर वाचा. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं (फ्युराझोलिडोन त्यातलंच) आपल्या देशात मत्स्यपालनात बंद आहेत. दुसरं काही असेल तरी ते माशाच्या अंगातून उतरायला वेळ लागतो. युरोपात २०२२ च्या आधीच्या नियमात ज्या औषधाला माशासाठी ठरलेली मुदत नसे त्याला किमान ५०० अंश-दिवस (पाण्याचं तापमान गुणिले दिवस) धरत, म्हणजे २० अंशांच्या पाण्यात २५ दिवस. तुम्ही निदान तेवढे दिवस तरी त्या तळ्यातला मासा बाजारात पाठवू नका. आपलीच लेकरं तो मासा खातात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. हे जिवाणू पोटात जाऊन करतात काय? काही जण पचनाचे एन्झाइम सोडतात: पिष्टमय पदार्थ फोडणारे, प्रथिनं फोडणारे, आणि कोंडा-पेंडीत अडकलेला स्फुरद मोकळा करणारं फायटेज. काही जण आम्लं आणि जिवाणूरोधक पदार्थ तयार करतात, ज्याने एरोमोनाससारख्या उपद्रवी जिवाणूंना आतड्यात हातपाय पसरता येत नाहीत. काही वेळा ते नुसती जागा आणि अन्न अडवतात, तेवढंही पुरतं. आणि माशाची प्रतिकारशक्ती जागी ठेवायला त्यांची मदत होते, हेही प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. हे शास्त्र नवं नाही. मत्स्यपालनात याचा पहिला नोंदलेला वापर कोझासा या जपानी संशोधकाचा, १९८६ सालचा. त्यांनी यलोटेल या समुद्री माशाला ‘बॅसिलस टोयोई’चे बीजाणू दिले होते.

पण हे जिवाणू पोटात मुक्कामी राहत नाहीत, हे दुकानदार सांगत नाही. ते पाहुण्यासारखे येतात आणि विष्ठेबरोबर निघून जातात. खाद्यातून देणं थांबवलं की एक-दोन आठवड्यांत त्यांची संख्या नगण्य होते. म्हणजे ‘एकदा डोस दिला, झालं’ असं इथे चालत नाही. ज्या काळात गरज आहे त्या काळात रोज द्यावं लागतं, आणि मग रोजचा खर्च मोजावा लागतो.

जातही महत्त्वाची. रोहू, कटला, मृगळ यांना आपल्यासारखं जठरच नसतं, खाद्य सरळ आतड्यात जातं. चिलापीचं उलट आहे. तिच्या जठरातलं आम्ल भरपेट असताना पीएच २ च्याही खाली जातं. दह्यातले लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू या आम्लातून जाताना मोठ्या संख्येने मरू शकतात. बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस यांचे बीजाणू म्हणजे कवच घातलेले, झोपलेले जिवाणू. ते आम्ल सोसतात, उष्णता सोसतात, पुडीत महिनोन् महिने टिकतात. म्हणून चिलापी आणि पंगेशियस या माशांसाठी मी बॅसिलसचीच पुडी घेतो. कारखान्यात गोळी बनवतानाच घातलेलं प्रोबायोटिक असेल तर तिथेही हाच नियम, कारण गोळीच्या यंत्रातली उष्णता लॅक्टोबॅसिलस आणि यीस्टला सोसत नाही.

पुडी घेताना मी लेबलवर चार गोष्टी बघतो: जिवाणूचं पूर्ण नाव आणि वाणाचा क्रमांक, संख्या, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, आणि साठवणुकीचं तापमान. ‘फायदेशीर जिवाणूंचं खास मिश्रण’ एवढंच लिहिलं असेल तर पुडी परत ठेवतो. वाण का बघायचा, तर वर ज्या बॅसिलस टोयोईचं नाव घेतलं त्याच्या एका वाणाची जनावरांच्या खाद्यातली परवानगी युरोपीय संघाने २०१३ मध्ये स्थगित केली, कारण त्यात प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं आढळली. एकाच जातीचा एक वाण चांगला आणि दुसरा घातक असू शकतो.

संख्येचं गणित एकदा कागदावर करा, कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते. बहुतेक प्रयोगांत खाद्याच्या दर ग्रॅममागे १० लाख ते १० कोटी जिवंत जिवाणू दिलेले असतात. तुमच्या पुडीवर समजा ‘२ अब्ज सीएफयू’ (सीएफयू म्हणजे जिवंत जिवाणूंची मोजणी) लिहिलंय. ते प्रति ग्रॅम असेल तर ५ ग्रॅममध्ये १० अब्ज, ते एक किलो खाद्यात पसरले म्हणजे ग्रॅमला १ कोटी. उत्तम. पण तेच आकडे प्रति किलो असतील तर ग्रॅमभर खाद्यात फक्त १० हजार पडतात. पुडी तीच, भाव तोच, डोस हजारपट कमी. मी अशा पुड्या पाहिल्यात ज्यांवर ‘अब्ज’ ठळक अक्षरात आणि ‘प्रति किलो’ खाली अगदी बारीक होतं. तुमची पुडी पुन्हा उजेडात धरून वाचा.

चोळायची पद्धत. तरंगत्या गोळीवर कोरडी पावडर भुरभुरली तर ती पाण्यात पडताक्षणी धुऊन जाते, आणि तुम्ही जिवाणू माशाला न देता तळ्याला देता. मी १० किलो खाद्य सावलीत ताडपत्रीवर पसरतो. ५० ग्रॅम पावडर साधारण २०० मिली साध्या पाण्यात कालवतो. नळाचं क्लोरीनचं पाणी नको, बोअरचं चालेल. ते फवाऱ्याच्या बाटलीने गोळ्यांवर हलकं मारत हाताने खालीवर करतो. दहा मिनिटं मुरू देतो, मग १०० ते १५० मिली खाद्यतेल चोळतो. तेलाचा थर बसला की गोळीला चकाकी येते, आणि मुठीत दाबून सोडली तर हाताला पावडर लागत नाही. अर्धा तास सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. ओलं खाद्य पोत्यात रात्रभर राहिलं तर बुरशी धरते, आणि बुरशीचं विष माशाच्या यकृतावर बसतं.

आता पैशाचं. ९०० रुपये किलोची पुडी, किलो खाद्याला ५ ग्रॅम, म्हणजे प्रत्येक किलो खाद्यामागे साडेचार रुपये. तुमचं खाद्य ४५ रुपये किलोचं धरलं तर ते १० टक्के महाग झालं. समजा प्रोबायोटिक न देता एक किलो मासा वाढायला १.६ किलो खाद्य लागतं, म्हणजे ७२ रुपये. प्रोबायोटिक दिल्यावर खाद्य पडतं साडेएकोणपन्नासला. तेव्हा निव्वळ खर्च भरून निघायलाच एफसीआर, म्हणजे किलोभर वाढीला लागणारं खाद्य, १.४५ पर्यंत खाली आला पाहिजे. चांगल्या कंपनीच्या संतुलित गोळीवर, पाणी स्वच्छ असताना, तेवढा फरक मला माझ्या तळ्यांत क्वचितच दिसलाय. घरी बनवलेल्या खाद्यावर, म्हणजे भाताचा कोंडा, शेंगदाणा पेंड, सोयाबीन पेंड अशा वनस्पतीजन्य मिश्रणावर, फरक जास्त दिसतो, कारण तिथे एन्झाइमना खरंच काम असतं.

म्हणून मी ते जुलैपासून विक्रीपर्यंत सलग देत नाही. बोटुकली सोडल्यापासून पहिला महिना-दीड महिना नक्की देतो. त्या वयात पोटातली जिवाणूंची वस्ती अजून बसायची असते, मासा प्रवासातून दमून आलेला असतो आणि खाद्य अगदी थोडं लागतं. ३,००० बोटुकली ५ ग्रॅमवरून ४० ग्रॅमवर न्यायला साधारण सव्वाशे किलो खाद्य पुरतं. त्याला सव्वासहाशे ग्रॅम पावडर, म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये. एवढ्या पैशात मरतूक थोडी जरी कमी झाली तरी पुष्कळ. दुसरी वेळ, विरळणी किंवा स्थलांतर करण्याआधी आठवडाभर आणि नंतर दोन आठवडे. तिसरी वेळ, रोगावर प्रयोगशाळेच्या सल्ल्याने औषधाचा कोर्स झालाच तर तो संपल्यावर. औषधाने चांगले-वाईट सगळेच जिवाणू गेलेले असतात आणि रिकाम्या घरात आधी कोण शिरतं याला महत्त्व असतं. तुमचा पाच दिवसांचा कोर्स झालेला आहे, तेव्हा उरलेली पुडी पाणी सुधारल्यावर, मासे पुन्हा नीट खायला लागल्यावर दहा-बारा दिवस वापरा. न खाणाऱ्या माशाला खाद्यातून काहीच देता येत नाही.

मीही हा धडा नुकसान सोसूनच घेतला. काही वर्षांपूर्वी एका धरणातल्या पिंजऱ्यांत पावसाळ्याच्या तोंडावर पंगेशियस मरायला लागला. मी प्रोबायोटिकचा डोस दुप्पट केला, मग तिप्पट केला. आठ दिवस त्यातच घालवले. पिंजऱ्यांच्या जाळ्यांवर शेवाळ आणि गाळ बसून आतला प्रवाह बंद झाला होता, ते नवव्या दिवशी जाळी हाताने वर ओढली तेव्हा कळलं. जाळ्या बदलल्यावर मरतूक थांबली. ते आठ दिवस आणि तो मासा त्या शेतकऱ्याचा होता, आणि त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. तेव्हापासून पाणी मोजल्याशिवाय मी पुडीचं नावही काढत नाही.

दह्याचं बरेच जण विचारतात, तुम्हीही शेवटी विचारलंय. घरचं ताजं दही खाद्याला चोळल्याने अपाय होत नाही. रोहू-कटल्याच्या लहान बीजाला मी स्वतः दिलंय. पण त्यात कोणते जिवाणू, किती, हे रोज बदलतं आणि चिलापीच्या आम्लातून किती पार होतील याचा भरवसा नाही. गूळ-कोंडा-दही बादलीत आंबवून ते पाण्यात सोडतात, तो वेगळा प्रकार. तो पाण्यातल्या जिवाणूंसाठी आहे, आणि थंडीत पहाटे प्राणवायू आधीच कमी असताना तसलं आंबवण तळ्यात ओतलं तर ते जिवाणूही प्राणवायू खातात. सध्या ते टाळा. पाण्याचं प्रोबायोटिक आणि पोटाचं प्रोबायोटिक यांच्या पुड्या दुकानात शेजारी शेजारी असतात, त्यांची अदलाबदल करू नका. बादलीत वाढवलेलं द्रावण खाद्यावर कधीच मारू नका. त्यात बॅसिलसबरोबर आणखी काय वाढलंय ते डोळ्याला दिसत नाही.

आणि शेवटी, माझ्या शब्दावर किंवा दुकानदाराच्या शब्दावर न थांबता स्वतःच्या तळ्यात तपासा. मार्चमध्ये पाणी २६-२७ अंशांवर गेलं की तळ्यात दोन हापे (जाळीचे चौकोनी कप्पे) बांधा, २ बाय २ मीटरचे, एकमेकांपासून लांब पण सारख्या खोलीवर. प्रत्येकात सारख्या वजनाचे ५० मासे. एकाला तेल चोळलेलं साधं खाद्य, दुसऱ्याला त्याच पोत्यातलं, तेल आणि प्रोबायोटिक चोळलेलं. दोघांना वजनाच्या टक्केवारीने एकसारखं खाद्य, आणि उरलेल्या गोळ्या अर्ध्या तासाने गाळणीने काढून मोजायच्या. ४५ दिवस. वहीत रोज तीनच रकाने: खाद्य, मेलेले मासे, पहाटेचा ऑक्सिजन. दर १५ दिवसांनी वजन घ्या, आणि वजनाच्या आदल्या संध्याकाळपासून दोन्ही हाप्यांचं खाद्य बंद ठेवा, नाहीतर पोटातलं खाद्यही वाढ म्हणून मोजलं जाईल.